उतारापुढचा दंड

आमच्या अप्पांनी आयुष्यात एकदाच पालिकेकडे काही मागितलं. तेही शुद्ध मराठीत मागितलं, आणि तिथंच सगळं बिघडलं.

अप्पा म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी मराठी शिकवण्यात गेली. नांदेडात त्यांचे विद्यार्थी पावलोपावली भेटतात आणि भेटले की आधी शर्टाचं वरचं बटण लावतात. अप्पा अजूनही कुणाच्याही दुकानाच्या पाटीखाली उभे राहून ऱ्हस्व-दीर्घ तपासतात. घरात इंग्रजी शब्दाला मज्जाव आहे. स्कूटरला ते दुचाकी म्हणतात, फ्रीजला शीतकपाट, आणि गॅस संपला की "इंधन संपलं" अशी आईला वर्दी देतात. आई मुखेडकडची. ती यातलं काहीच मनावर घेत नाही. "फ्रीजमदी ठिवलंय बगा," म्हणते, आणि अप्पा मुकाट्यानं शीतकपाटातून दही काढून घेतात.

मी लातूरला एका शाळेत विज्ञान शिकवते. शनिवारी शाळा सुटली की एसटी धरायची, अहमदपूरच्या स्टँडवर चहा घ्यायचा आणि दिवेलागणीला नांदेडला आईच्या हातचं जेवायला पोचायचं, हा माझा नेम. गेल्या उन्हाळ्यात एका शनिवारी अशीच पोचले तर घरात शिरायला वाट नव्हती. गल्लीत नवी नाली बांधायला काढली होती. आमच्या दारापुढचा जुना उतार यंत्रानं खरवस कापावा तसा कापून नेला होता. घर बांधलं तेव्हाच कुणा मिस्त्रीनं तो ओतला होता, आणि खरं सांगायचं तर तो चांगला तीन-चार हात रस्त्यावर गेलेला होता. त्यामुळं भांडायला तोंड नव्हतं. आता ओसरी वर, रस्ता दोन फूट खाली आणि मध्ये नाली. माणसांना ये-जा करायला एक शहाबादी फरशी आडवी टाकलेली. स्कूटर ओसरीवरच अडकली.

स्कूटर अडकली म्हणजे आई अडकली. हे नीट सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्यापायीच झाला.

आईच्या गुडघ्यांनी काम सोडून दिलंय. ऑटोची पायरी तिला चढवत नाही, आणि कसंबसं चढलीच तर आत मळमळतं. ती फक्त अप्पांच्या स्कूटरवर बसू शकते, आणि तेही एकाच रीतीनं. ओसरीच्या कडेला एक पायरी आहे. अप्पा स्कूटर त्या पायरीला चिकटवून उभी करतात. आई पायरीवरून सीटवर सरकते. मग अप्पा गाडी चालू न करताच उतारावरून हळूच खाली सोडतात आणि रस्त्यावर आल्यावर किक मारतात. दर रविवारी चार वाजता हा सोहळा व्हायचा आणि दोघं मावशीकडं जायची. मावशीच्या घरी सगळं उलट्या क्रमानं. गाडी उतारावरून वर, ओट्याला लागून उभी, आणि आई सीटवरून ओट्यावर.

ही मावशी आईची थोरली बहीण. आई तिला अक्का म्हणते. मावशीला ऐकायला कमी येतं. ती समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखते, त्यामुळं फोनचा काही उपयोग नाही. फोनवर आई म्हणणार, "जेवलीस का," आणि मावशी म्हणणार, "आमच्याकडं बी लई ऊन हाय." तिकडून मावशी कुठं येत-जात नाही, इकडून आईला दुसऱ्या कशावर बसता येत नाही. दोघींचं उभं आयुष्य एकमेकींना सांगण्यात गेलेलं, ते त्या दोन फुटांवर येऊन थांबलं.

गल्लीतल्या बाकीच्यांनी वेळ दवडला नाही. नालीचं सिमेंट वाळायच्या आत ज्यानं त्यानं आपापल्या दारापुढं उतार ओतून घेतले, आणि पहिल्यापेक्षा लांब ओतले. समोरच्या घरानं तर इतका लांब ओतला की त्यांच्या पाहुण्यांना तो रस्ताच वाटायचा. मग पालिकेचा माणूस नोटिसा वाटत आला. विनापरवानगी रॅम्प काढून टाकण्यात येतील. रॅम्प नालीच्या पुढं रस्त्यावर येता कामा नये. नालीवरचा ढापा साफसफाईसाठी उचलता आला पाहिजे. पाणी अडता कामा नये. रॅम्प बांधण्यापूर्वी अर्ज करून परवानगी घ्यावी. गल्लीनं नोटिसा वाचल्या आणि त्यांवर पापड वाळत घातले. अप्पांनी मात्र आपली दोनदा वाचली, लाल पेनानं दोन अनुस्वार दुरुस्त केले, 'रॅम्प' हा शब्द जिथं जिथं आला तिथं तिथं खोडून वर 'उतार' असं लिहिलं, आणि अर्ज करायला बसले.

मी म्हटलं, "अप्पा, तोवर एक जाड फळी टाकू. गाडी खाली येईल."

"फळी हासुद्धा उतारच. त्यालाही परवानगी लागेल," अप्पा म्हणाले.

सगळ्या गल्लीत अर्ज करणारे ते एकटेच. मला वाटतं, ऑफिसातल्या त्या बिचाऱ्या कारकुनानंही असा अर्ज पहिल्यांदाच पाहिला असेल. अप्पांचं अक्षर मोत्यासारखं. सरकारी मराठीतलं 'मिळणेबाबत', 'होणेबाबत' त्यांना सहन होत नाही, म्हणून विषय त्यांनी आपल्या पद्धतीनं, चारच शब्दांत लिहिला. घरासमोर, रस्त्यालगत आणि शेवटी उतार हे शब्द त्यात होते, मधला एक मी विसरले. मधल्यामुळं काही बिघडलं नाही, शेवटच्यामुळं बिघडलं.

कारकुनानं विषयावर नजर टाकली, मागची पानं चाळली आणि म्हणाला, "सर, उतारा जोडलेला दिसत न्हाई."

आता दुसरा कुणी असता तर विचारलं असतं, कसला उतारा, कशाला उतारा. कुणी कागद मागितला म्हणजे द्यायचा, एवढंच अप्पा शिकलेत. उतारा म्हटलं की सातबारा. आमची थोडी जमीन रेणापूरजवळ आहे. अप्पांनी मला लातूरला फोन लावला.

"रेणापूरला जा. शेताचा उतारा काढून आण."

"अप्पा, रॅम्पला शेताचा सातबारा कशाला?"

"ते त्यांचं त्यांना माहीत. आणि उतार म्हण."

"मोबाइलवर निघतो आता सातबारा."

"शाईची सही हवी."

एक रजा टाकून मी रेणापूरला गेले. तलाठ्यानं विचारलं, "ताई, कशासाठी पाहिजे? कर्ज काढून राहिले का?" मी म्हटलं, घरासमोर रॅम्प करायचाय. "शेतात?" नाही, नांदेडात. मग त्यानं सही केली, शिक्का मारला आणि जाताना अगदी मायेनं म्हणाला, "घरी सगळं बरं हाय ना?"

तो उतारा अर्जाला जोडला गेला. पंधरा-वीस दिवसांनी उत्तर आलं. सदर उतारा रेणापूर तालुक्यातील असून त्यावर तूर व सोयाबीनचे पीक तसेच एक विहीर दिसून येते. सदर क्षेत्र या कार्यालयाच्या हद्दीत येत नसल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे. मी हसून हसून खुर्चीवर बसले. अप्पांनी पत्र शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "शुद्धलेखनाची एकही चूक नाही." त्यांना त्या कारकुनाबद्दल आदर वाटायला लागला होता.

आईनं विचारलं, "मग अक्काकडं कवा जायचं?"

"पुन्हा अर्ज करतो," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या अर्जात त्यांनी शेताचा विषय येऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली. रस्त्यालगत काढून तिथं रस्त्यावर लिहिलं. विषय आता तीनच शब्दांचा होता. घरासमोर रस्त्यावर उतार. कारकुनानं तो वाचला, मान हलवली, आणि त्याच्या समजुतीप्रमाणं अगदी योग्य खात्याकडं पाठवला. एका सकाळी साफसफाईवाले दोन जण आमच्या दारात उभे. एकाकडं झाडू, दुसऱ्याकडं ढकलगाडी. मी दिवाळीच्या सुट्टीत घरीच होते, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलंय.

"सर, उतारा कुठाय?"

"अजून बांधायचाय," अप्पा म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. "मंजी पुडी बांधली न्हाई अजून?"

"परवानगी आली की बांधणार. सिमेंटमध्ये."

झाडूवाला एक पाऊल मागं सरला. नजर लागली की ओवाळून लिंबू, भात, मिरच्या असा उतारा लोक रस्त्यावर ठेवतात, तो बिचाऱ्यानं कितीदा उचललेला असणार. पण सिमेंटमध्ये बांधलेला उतारा त्यानं कधी ऐकला नव्हता. "शिमिटात," तो हळूच सोबत्याला म्हणाला, "मंजी लई जबर असंल." मग अप्पांना म्हणाला, "सर, नजर कुणाची हाय?"

"अभियंत्यांची. त्यांची नजर एकदा पडली की काम झालं."

"इंजिनेर साहेबाची नजर लई वंगाळ हाय का?"

"छे, चांगले आहेत म्हणतात. फक्त वेळेवर येत नाहीत."

मी आत जाऊन उशीत तोंड खुपसलं. आई बाहेर गेली नसती तर हे बोलणं दुपारपर्यंत चाललं असतं. आईनं त्यांना सांगितलं की इथं कसला उतारा-बितारा नाही, गाडी खाली न्यायची सोय पाहिजे. दोघं चहा पिऊन गेले. पण जाताना त्यांनी आमच्या फरशीला पाय लागू दिला नाही, हे मी खिडकीतून पाहिलं.

व्हायचं ते झालं. सरांच्या दारात उतारा निघाला, ही बातमी गल्लीत पसरली. शिकवणीला जाणारी पोरं आमच्या दारावरून जाताना पलीकडच्या कडेनं जायला लागली. दूधवाला पिशवी शेजारच्या घरी ठेवून जायला लागला. समोरच्या बाई संध्याकाळी आईजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "वैनी, आमच्याकडून तर काई न्हाई ना लागलं?" आईला ते फार लागलं. तिनं आयुष्यात कुणाच्या दारात लिंबू टाकलं नव्हतं. एक फायदा मात्र झाला. रोज आमच्या दारासमोर कुणी ना कुणी आडवी गाडी लावायचं, ते एकदम बंद झालं.

मग तो रविवार आला. दुपारी मावशीच्या सुनेचा फोन आला. ती म्हणाली, अक्का सारखं विचारतात, माझी बहीण माझ्यावर रुसलीय का. आईनं फोन ठेवला. स्वयंपाकघरात गेली, धपाटे थापले, डब्यात भरले. लुगडं बदललं. बरोबर चार वाजता पर्स आणि डबा घेऊन ती ओसरीवर आली, पायरीवरून स्कूटरच्या मागच्या सीटवर सरकली आणि बसली.

अप्पा पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अगं, कुठं?"

"अक्काकडं."

"पण दुचाकी खाली कशी न्यायची?"

"ते तुमी बगा. मी बसले हाय."

ती तशीच बसून राहिली. अर्धा तास झाला, तास झाला. गल्लीतून जाणारे विचारत, काकू कुठं निघालात, आणि आई प्रत्येकाला सांगत होती, अक्काकडं. मी दोनदा म्हटलं, आई, खाली उतर, कंबर भरून येईल. तिनं ऐकलं नाही. मला आधी हसू येत होतं, मग यायचं थांबलं. आईला मी हट्ट करताना याआधी कधी पाहिलं नव्हतं. लातूरला बसून मी तिचे रविवार मोजलेच नव्हते, याची मला लाज वाटली.

"त्यो अर्ज दावा बरं," आई एकदम म्हणाली.

अप्पांनी शिक्का मारलेली प्रत आणून दिली. आई सातवी शिकलेली. ती शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचते. तिनं स्कूटरवर बसल्या बसल्या मोठ्यानं वाचलं, "घरासमोर रस्त्यावर उतारा."

"उतार," अप्पा म्हणाले.

"उतारा हाय."

"उतार लिहिलंय मी."

"मग ह्यो काना कामून हाय?"

"तो काना नाही. तो दंड आहे. विषय संपला म्हणून दिलेला."

अप्पा लहानपणी आजोबांच्या पोथ्यांवर अक्षर गिरवायला शिकले. पूर्णविरामाच्या टिंबाला ते माशीची घाण म्हणतात. वाक्याच्या शेवटी उभी रेघ, हीच त्यांची रीत. ती रेघ 'उतार'ला इतकी चिकटून उभी होती की देवानंही तो काना म्हणूनच वाचला असता. दोन्ही अर्जांत. कारकुनाची काडीचीही चूक नव्हती. त्यानं जे लिहिलं होतं तेच वाचलं होतं.

पाचवीत अप्पा आमच्याच वर्गाला मराठीला होते. 'माझे वडील' या निबंधात मी 'ते शाळेत जतात' असं लिहिलं होतं. एका कान्यासाठी त्यांनी सगळ्या वर्गासमोर माझा अर्धा मार्क कापला होता. परतफेडीची संधी मी इतकी वर्षं वाट पाहून साधली.

"अप्पा, अर्धा मार्क," मी म्हटलं.

"गुण," अप्पा म्हणाले.

ते कोरा कागद घेऊन आले. "पुन्हा लिहितो. दंड लांब देतो."

"उतार ल्ह्यायचाच न्हाई आता," आई म्हणाली. "नोटिशीत रॅम्प छापलंय. हापिसात रॅम्प म्हन्तेत. रॅम्प ल्ह्या."

अप्पा खरंच दुखावले. त्यांनी असल्या शब्दांवर लाल रेघा मारण्यात हयात घालवली होती. "उतार या शब्दात वाईट काय आहे?"

"वाईट काई न्हाई. शब्द लई चांगला हाय," आई म्हणाली. "पर त्याच्यानं मला खाली उतरता येऊन न्हाई राहिलं."

अप्पांनी पेनाचं टोपण काढलं. मग स्कूटरजवळ आले, पुढच्या सीटवर कागद ठेवला, एका हातानं तो धरला आणि उभ्याउभ्या लिहिलं. मी मान लांब करून पाहिलं. विषय : घरासमोर रॅम्प. शेवटी दंड नव्हता, टिंब होतं. ते त्यांनी इतकं दाबून दिलं की कागदाला भोक पडलं. आईनं तो कागद हातात घेतला, वाचला आणि "आता दोघं धरा मला," म्हणाली. आम्ही तिला पायरीवर उतरवलं.

तो अर्ज आठवड्यात मंजूर झाला. अभियंते वेळेवर आले. त्यांनी टेप लावून दाखवलं की नियमात बसायचं तर रॅम्प नालीपाशीच संपला पाहिजे, आणि तेवढ्या लांबीत तो घसरगुंडी होईल. म्हणून त्याची सुरुवात आतून, आमच्याच ओसरीतून करावी लागेल. अप्पांनी लगेच ओसरी फोडायला दिली. आईनं एकच अट घातली, पायरीला हात लावायचा नाही. मिस्त्रीनं पायरी जागच्या जागी ठेवली, ढापा उचलता येईल असा बसवला. गल्लीतला तो सगळ्यात आखूड आणि एकमेव कायदेशीर रॅम्प आहे, आणि अप्पा तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

पहिल्याच रविवारी मी मुद्दाम थांबले. चार वाजता आई पायरीवरून सीटवर सरकली. मांडीवर धपाट्यांचा डबा. अप्पांनी ब्रेक सोडला, स्कूटर ओसरीतून हळूच खाली आली, ढापा एकदा खडखडला आणि दोघं रस्त्यावर. समोरच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी लातूरची बॅग भरायला आत गेले.

अर्ध्या तासानं अप्पांचा फोन आला. मागं कुणीतरी जोरजोरात बोलत होतं.

"पोचलात ना?" मी विचारलं.

"पोचलो. पण इकडची नाली काल सुरू झालीय. मावशीच्या दारचाही तोडला."

"मग आई कुठंय?"

"दुचाकीवर बसूनच आहे. नाली मधोमध आहे, ओट्यावर जाता येत नाही, खाली उतरता येत नाही. मावशी ओट्याच्या कडेला पाट टाकून बसलीय. दोघींची तोंडं अगदी समोरासमोर आलीत. डबा नालीवरून पलीकडं गेलाय."

आता मागचा आवाज मला कळला. मावशीला ऐकू यावं म्हणून आई ओरडून बोलत होती, आणि गेल्या कितीतरी रविवारांचं सगळं, तलाठ्यापासून झाडूवाल्यापर्यंत, त्या अख्ख्या गल्लीला ऐकू जात होतं. मध्येच दोघी हसत होत्या. मावशीचं हसणं आईपेक्षा मोठं होतं.

"अप्पा, घरी आणा तिला. कंबर दुखेल."

"ती यायला तयार नाही," अप्पा म्हणाले. "तू एक कर. मावशीच्या सुनेला कोरा कागद मागितलाय, तो येतोच आहे. तुझ्याकडं ती मंजूर झालेली प्रत आहे ना? विषय जसाच्या तसा वाचून दाखव. चूक नको व्हायला."

मी प्रत काढली. "घरासमोर," मी वाचलं.

"पुढं मला पाठ आहे," अप्पा म्हणाले. "रॅम्प."